सिझेरियनचं स्पायनल: सुई निघाल्यानंतरची दहा मिनिटं

उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं बरंचसं काम सिझेरियनचं, आणि तेही स्पायनलखाली, म्हणजे पाठीत सुईने दिलेल्या, कमरेखालचं अंग बधिर करणाऱ्या भुलीखाली. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमध्ये 25 किंवा 27 नंबरची सुई, सुईतून कण्यातलं स्वच्छ पाणी आलं की 0.5 टक्के हेवी ब्युपिव्हकेन (बधिर करणारं औषध) साधारण 2 मिली. बाई बुटकी असेल तर 1.8 पुरतं.

खरी कसोटी पुढे. रक्तवाहिन्या सैलावतात, गर्भाशय मोठी शीर दाबतं आणि बीपी धाडकन उतरतं. बऱ्याचदा मशीनच्या आधी पेशंटच सांगते, "मळमळतंय." म्हणून टेबल लगेच 15 अंश डावीकडे, रिंगर लॅक्टेटची बाटली (शिरेतून द्यायचं क्षारद्रव) जोरात, बीपी दर मिनिटाला. बीपी चढवणारं फेनिलएफ्रिन आधीच पातळ करून ठेवावं: 10 मिलिग्रॅमचा अ‍ॅम्प्यूल 100 मिली सलाइनमध्ये, म्हणजे 1 मिलीत 100 मायक्रोग्रॅम. एका वेळी अर्धा ते एक मिली. नाडी 60 च्या खाली असेल तर मात्र बीपी चढवणारं दुसरं औषध, मेफेन्टरमिन 6 मिलिग्रॅम, कारण फेनिलएफ्रिन नाडी आणखी पाडतं.

हाताची पकड ढिली झाली, आवाज कुजबुजता झाला, तर भूल वर चढतेय. मास्क आणि ट्यूब हाताशीच हवी.

आणि रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड स्पायनलच्या ट्रेजवळ ठेवूच नका. काही कंपन्यांचे अ‍ॅम्प्यूल दिसायला सारखे असतात. चुकून पाठीत गेलं तर झटके येतात, जीवही जातो. लेबल मोठ्याने वाचूनच सिरिंज भरा.