आमची वाटचाल : पहिल्या फळीची रोपं

आमची रोपवाटिका ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, लिस्मोर आणि बायरन बे यांच्या मधल्या लाल मातीत आहे. इथे एके काळी बिग स्क्रब नावाचं सुमारे ७५,००० हेक्टरांचं वर्षावन होतं. एकोणिसावं शतक संपेपर्यंत दुभत्या गुरांच्या कुरणांसाठी ते तोडून झालं. आज एक टक्काही उरलेलं नाही. या कुरणांवर पुन्हा जंगल उभं करायचं, तर आधी उघड्या उन्हात झपाट्याने वाढणारी, गवताला सावलीने मारणारी आणि आपलं काम झालं की जागा सोडणारी झाडं लागतात. ब्लीडिंग हार्ट, मॅकरांगा, रेड ॲश, ब्राउन कुराजाँग, वॉटलच्या, म्हणजे इथल्या बाभळींच्या, काही जाती. हीच पहिल्या फळीची रोपं, आणि आमचा धंदा हाच.

पूर्वी तो असा नव्हता. जांभळाच्या कुळातल्या लिली पिलीच्या, कुंपणासाठीच्या कुंड्या हे आमचं भाकरीचं पीक होतं, आणि पहिल्या फळीची रोपं मागच्या रांगेत असत. एप्रिल २०१० मध्ये सिडनीच्या उत्तरेला सेंट्रल कोस्टवर मर्टल रस्ट सापडला. आपल्याकडे गव्हावर तांबेरा पडतो तसलीच ही बुरशी, पण जांभळाच्या कुळावर पडणारी. कोवळ्या शेंड्यावर हळदीसारखी पिवळी भुकटी येते, पान वाकडं होतं, शेंडा जळतो. बुरशीला ओलसर पान, अंधार आणि कोवळी फूट एवढंच हवं असतं, आणि रोपवाटिकेत या तिन्ही गोष्टी आपणच रोज पुरवत असतो. संध्याकाळचं पाणी बंद करून पहाटे द्यायला लागलो, नत्र कमी केलं, छाटणी थांबवली. बुरशीनाशक मारलं की भुकटी दिसेनाशी होते, पण रोग झाडात राहू शकतो. असं रोप गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन पुन्हा पिवळं पडतं. तसला माल विकायचा नाही असं ठरवलं आणि शेड रिकामी केली. काही जणांनी फवारून विकला. कोण ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या वर्षी धंदा बुडाला नाही तो एका दूधवाल्या शेतकऱ्यामुळे. म्हाताऱ्याच्या ओढ्याकाठी किकुयू गवत गुडघाभर आणि कापूरवृक्षांची गर्दी. त्याने पुढच्या दोन हंगामांच्या रोपांचे पैसे आगाऊ दिले, पण अट घातली : कुंड्या नकोत, ट्रेमधलीच रोपं हवीत, आणि मुळं उपटून दाखवायची. आजही तो गाडीतून उतरला की आधी रोप कप्प्यातून ओढून बघतो, मग नमस्कार-चमत्कार. रिकामे ट्रे धुऊन परत आणणारं दुसरं गिऱ्हाईक आम्हाला अजून भेटलेलं नाही.

त्याच्या अटीमुळे आम्ही हायको ट्रेवर आलो. चाळीस कप्पे, प्रत्येकी ९३ मिलिलिटर, आतून उभ्या धारा. धारेला लागलेलं मूळ गोल न फिरता खाली जातं आणि तळाच्या भोकातून बाहेर आलं की हवेने सुकतं, मग वर नवी मुळं फुटतात. यासाठी ट्रे जाळीच्या बाकावर हवा. जमिनीवर ठेवला तर मूळ मातीत घुसतं आणि मुळं कुजवणारा फायटोप्थोराही वर चढतो. पहिल्या फळीची रोपं घाईची असतात. ब्लीडिंग हार्ट उन्हाळ्यात चार महिन्यांच्या पुढे कप्प्यात ठेवू नये. मिश्रणात कुजवलेली पाइनची साल, धुतलेला काथ्याचा भुसा, जाड वाळू. खत हळू सुटणारं आणि कमी स्फुरदाचं, नाहीतर ग्रेव्हिलिया, बँक्सिया आणि बऱ्याच वॉटलांची पानं कडेने करपतात.

बियांचं तंत्र जातीगणिक वेगळं. वॉटलच्या बियांचं कवच कडक : पाणी उकळून आचेवरून उतरवा, मिनिटभर थांबा, बियांच्या दसपट ओता, रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा तेच. रेड ॲशचं काळं टरफल गळून पडतं आणि लाल आवरणातल्या बिया फांदीवरच राहतात. तो लाल थर खरवडून काढा, मग गरम पाणी. मॅकरांगा मात्र ताजाच पेरायचा. डब्यात ठेवलेलं बी उगवेलच याचा भरवसा नाही.

मधली वर्षं बरी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता पलीकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या रोपवाटिकेबद्दल. एका सरकारी कामाची निविदा त्यांनी आमच्यापेक्षा स्वस्तात घेतली. पावणेदोन मीटर अंतराने हेक्टरी साधारण ३,३०० रोपं बसतात. आम्ही म्हणालो होतो, पहिल्या फळीची तीस टक्के, म्हणजे हजारभर, तीही पाच-सहा जातींची मिसळून. बाकी दीर्घायुषी. त्यांनी निम्म्याहून जास्त एकच वॉटल दिली, गुळगुळीत गोल कुंड्यांतली. तिसऱ्या वर्षी डोक्यावर सावली, फोटो, वाहवा. वॉटल भराभर वाढते हे कोणालाही माहीत आहे, त्यात रोपवाटिकेचं कर्तृत्व काय? कुंडीत गरगरलेली मुळं जमिनीतही गरगरतच राहतात. वादळात ती झाडं बुडापासून आडवी झाली. उरलेल्यांना खोडकिडा लागला आणि एका वयाची असल्याने ती एकदमच गेली. सावलीला भोक पडलं की सेटारिया गवत, घाणेरी आणि कापूरवृक्ष महिन्यांत आत येतात. तोवर बिलं चुकती झालेली असतात. दुरुस्तीच्या कामाला रोपं आमच्याकडून गेली, फलकावर नाव मात्र त्यांचंच आहे.

लावताना हॅमिल्टन प्लांटर हे रोपं लावायचं अवजार वापरत असाल तर एक ऐका. पायाने दाबलं की ते मातीचा गोळा कापून काढतं, पुढच्या दाबात आधीचा गोळा वरून पडतो. कंबर वाकवावी लागत नाही. पण ओल्या लाल मातीत खड्ड्याची भिंत घोटल्यासारखी गुळगुळीत होते आणि मूळ तिला भेदत नाही. काठीने भिंत खरवडा. लावण्याआधी मीटरभर गोल गवत मारून ठेवा, आच्छादन बुंध्याला टेकवू नका. वॉलबी (छोटे कांगारू) येत असतील तर संरक्षक नळी, आणि दव गोठणाऱ्या खोलगट जागी मॅकरांगा लावूच नका.

घराच्या बागेत ब्लीडिंग हार्ट उत्तम : छोटं झाड, म्हातारी पानं लाल होतात, ब्राउन कुकू-डव्ह हा पारवा फळांना येतो. चीक मात्र त्वचेला लागू देऊ नका. मॅकरांगा छपरापासून लांब, नाहीतर त्याची ताटाएवढी पानं पन्हळ तुंबवतात.

गावाकडून दर पावसाळ्याआधी कोणीतरी आमच्याकडे ऑस्ट्रेलियन बाभळीचं बी मागतं. पाठवत नाही. ती उत्तर ऑस्ट्रेलियाची आहे, कोकणात वनखात्याने भरपूर लावून झाली आहे. सह्याद्रीत मॅकरांगाच्याच गोतातला चांदाडा उभा आहे. त्याचं बी गोळा करून ताजंच पेरा, आणि पिशवीत मुळं गुंडाळायच्या आत जमिनीत लावा.