चाकं टेकली म्हणजे विमान उतरलं नव्हे

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, धावपट्टी एकच, 07/25 (दिशेचे अंश, शेवटचं शून्य गाळून). उतरणारं विमान एक तर 70 अंशांकडे तोंड करून येणार, नाहीतर 250 कडे. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा 25 ला बराचसा समोरून मिळतो, त्याचा जाच कमी. खरी कसोटी एप्रिल-मेमधल्या वळवाची. दुपारनंतर ढग दाटले की वारा कुठूनही सुटतो, आणि आत्ता एका अंगाला फडफडणारा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) मिनिटाभरात दुसरीकडे वळतो.

आडव्या, म्हणजे धावपट्टीला बाजूने लागणाऱ्या वाऱ्याचा हिशेब तोंडी करता आला पाहिजे. वारा आणि धावपट्टी यांत 30 अंशांचा कोन असेल तर निम्मा वारा आडवा, 45 ला 70 टक्के, 60 च्या पुढे जवळजवळ सगळाच. 25 वर येताना वारा 310 अंशांवरून 20 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) असेल तर आडवा भाग 17 नॉट. सेसना 172 या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी 15 नॉटचा आकडा आहे, 152 साठी 12. ही सक्तीची मर्यादा नाही, चाचणीत तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलेलं आहे, इतकाच त्याचा अर्थ. तरी नवशिक्याने ती मर्यादाच मानावी आणि हिशेब झोताच्या, म्हणजे मधूनच जोराने येणाऱ्या वाऱ्याच्या, वेगावर करावा.

पंचगंगेच्या वाहत्या पाण्यात पोहणारा समोरचा घाट गाठायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून हात मारतो. विमानही तसंच वाऱ्याकडे नाक ठेवून तिरकं येतं. पण तिरकंच टेकलं तर आडवा जोर थेट चाकांच्या पायांवर येतो. म्हणून टेकण्याआधी रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख एलरॉनने (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीने) खाली झुकवायचा. वरच्या उदाहरणात वारा उजवीकडून आहे: डावा रडर, उजवं एलरॉन. आधी उजवं चाक टेकेल, मग डावं, शेवटी नाकाचं. एका चाकावर उतरायला भीती वाटते, पण बरोबर तेच आहे.

घात होतो तो यानंतर. चाकं टेकली की हात सैल पडतात आणि एलरॉन मधोमध येतं. वेग कमी होतो तसा एलरॉनचा जोर घटतो, वारा मात्र तेवढाच असतो. तो वाऱ्याकडच्या पंखाखाली शिरून पंख उचलतो, शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळवतो. दुसऱ्या अंगाच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं, विमान धावपट्टी सोडून गवतात जातं. म्हणून वेग उतरेल तसं एलरॉन वाऱ्याकडे वाढवत न्यायचं, थांबेपर्यंत पूर्ण टोकाला. ज्यांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं त्या विमानांत तर एवढीशी ढिलाई गरकन फिरवून टाकते.

दुसरी चूक जास्तीच्या वेगाची. वारा 15 नॉट, झोत 25 चा, तर फरकाच्या निम्मे म्हणजे 5 नॉट वाढवायचे. भीतीपोटी 15 वाढवले की विमान तरंगत राहतं, मग दांडा पुढे ढकलून जबरदस्तीने टेकवलं जातं. नाकाचं चाक आधी आपटतं, उसळी बसते, दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला नाकाचा पाय मोडतो आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो. पहिल्याच मोठ्या उसळीला गो-अराउंड करावं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढावं: थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण, उजवा रडर, फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली सोडलेल्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर.

इथे उन्हाळा आडवा येतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. 38 अंश तापमानात हवा 5000 फुटांवरच्यासारखी विरळ होते. वेगाच्या घड्याळात 65 नॉट दिसत असताना खरा वेग 70 च्या आसपास असतो, आणि इंजिनाची ताकद घटल्यामुळे चढाई मंदावते. गो-अराउंडचा निर्णय म्हणूनच लवकर हवा.

पर्यायी विमानतळही आधीच तपासावा. जवळच्या बेळगावची धावपट्टी 08/26, इथल्यापेक्षा जेमतेम 10 अंशांनी वेगळी. तोच वारा तिथेही वाहत असेल तर तिथेही तो आडवाच लागणार. वळवाची सर ओसरेपर्यंत घिरट्या घालता येतील इतकं इंधन निघतानाच टाकीत असावं.