पेरूची जेली: तीन खेपा आणि १०५ अंशांचा घोळ

ठिकाण पुणे, उंची साधारण ५६० मीटर. दर खेपेला दोन किलो पेरू. पहिली खेप बसलीच नाही, दुसरी चामट झाली, तिसरी जमली.

खेप १. पेरू पूर्ण पिकलेले, घमघमाट सुटलेले, आणि नडलं तेच. फळ फार पिकलं की त्यातलं पेक्टिन (जेली घट्ट धरणारा फळातला घटक) मोडत जातं. वास भरपूर येतो, पण जेली धरत नाही. पुढच्या दोन्ही खेपांना दीड किलो नुकते पिकलेले आणि अर्धा किलो करकरीत पेरू घेतले. साल-बियांसकट पातळ फोडी, त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी, मंद आचेवर अर्धा तास. मग ओल्या मलमलच्या चौपदरी फडक्यात बांधून पुरचुंडी रात्रभर फ्रिजमध्ये, चाळणीवर. ती दाबायची नाही. दाबली की थोडा रस जास्त मिळतो खरा, पण जेली गढूळ होते.

साखरेआधी पेक्टिनची चाचणी. चमचाभर गार रस, त्यात चमचाभर स्पिरिट (गॅसपासून लांब), वाटी हलकेच फिरवून मिनिटभर थांबायचं. पहिल्या खेपेत नुसते बारीक कण दिसले होते. आटवून पुन्हा चाचणी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. पुढे दोन्ही वेळा काट्याने उचलता येईल असा एकसंध गोळा आला. असा गोळा आला तर लिटरभर रसाला ७५० ग्रॅम साखर. वाटीतलं चाखायचं नाही, थेट मोरीत.

आंबटपणासाठी लिटरला ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा दोन मध्यम लिंबांचा रस. पीएच (आंबटपणाचं माप) ३.२ च्या आसपास हवा. आंबट कमी पडलं तर जेली बसत नाही, फार झालं तर बसलेल्या जेलीला पाणी सुटतं.

खेप २. सगळीकडे लिहिलेलं असतं तसं १०५ अंशांपर्यंत आटवलं. सुरी टेकवली तर जेली कापली न जाता दबून परत वर येत होती. १०५ हा आकडा समुद्रकाठचा. तिथे पाणी १०० ला उकळतं. पुण्यात ते ९८ च्या आसपासच उकळतं, म्हणजे १०५ पर्यंत जाताना पाक दोन अंश जास्त आटला.

खेप ३. आधी त्याच थर्मामीटरने साधं उकळतं पाणी मोजलं: ९८. त्यात साडेचार ते पाच मिळवले आणि १०३ ला गॅस बंद. थर्मामीटर थोडा चुकीचा असला तरी या रीतीने ती चूक आपोआप वजा होते. जोडीला फ्रीझरमधल्या बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला: सुरकुती पडली. बशी बघताना गॅस बंदच ठेवायचा. तेवढ्या वेळातही पाक पुढे जातो. एक लिटर रसातून साधारण १.२ किलो जेली, २०० ग्रॅमच्या सहा बाटल्या. दुप्पट माप एकदम लावू नये: आटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पेक्टिन मोडतं.

बाटल्या गरम, झाकणं नवी. वर ६ मिमी जागा सोडून भरायचं, काठ ओल्या फडक्याने पुसायचा. काठावरचा चिकट थेंब झाकण नीट बसू देत नाही. पातेल्याच्या तळाशी फडकं, झाकणांवर बोटभर पाणी, खळखळत्या उकळीत १० मिनिटं (समुद्रकाठी ५ पुरतात). वर मेणाचा थर ओतायची जुनी पद्धत सोडलेली बरी. मेण आक्रसलं की फटीतून बुरशी शिरते. बुरशी दिसली तर वरची खरवडून खालचं खायचं नाही, अख्खी बाटली टाकायची. बुरशीचं विष खाली झिरपलेलं असू शकतं.

खेप ४ स्ट्रॉबेरीची. तिच्यात पेक्टिन कमी, म्हणून निम्मा रस पेरूचा. ही महाबळेश्वरात शिजणार. तिथे पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळतं, तेव्हा गॅस १०० लाच बंद.