काचेची बिल्डिंग आणि दुपारच्या जांभया

ऐरोलीतलं आमचं ऑफिस बाहेरून एकदम चकाचक, सगळी काच, पण पश्चिमेला खाडीपर्यंत मोकळं, त्यामुळे तीन वाजले की ऊन थेट स्क्रीनवर, मग ब्लाइंड्स खाली आणि भर दिवसा लाइट चालू. तिकडे खाडीत फ्लेमिंगो, इकडे आम्हाला करडं कापड! संध्याकाळचं ऊन तिरपं असतं, नुसत्या छज्ज्याने अडत नाही, बाहेरून उभ्या पट्ट्याच लागतात, पण ते डिझाइन करतानाच सुचायला हवं ना.

परवा एकाने सीओटू, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणला. बाहेर साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतं, मीटिंग रूममध्ये दहा जण तासभर बसलो तर 1800. म्हणजे जांभया पीपीटीमुळे नव्हत्या (थोड्या होत्याच). एसी तीच हवा फिरवत बसतो, ताज्या हवेचा डॅम्पर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) वीजबिलापायी बंद. सध्या मी जिन्याजवळची जागा पकडलीय, तिथली एक खिडकी उघडते.