पाच मजल्यांची हौस

लिफ्टचं बटण एकदा दाबलं तरी पुरतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी दोनदा दाबतो. मग दारावरच्या आकड्यांकडे बघत उभा राहतो. शेजारचाही तेच करत असतो. असंच एकदा ताटकळत असताना मनात आलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना वर नेणारी पहिली लिफ्ट कुठे बसली असेल? मला वाटलं, एखाद्या गगनचुंबी इमारतीत. निघाली काचसामानाच्या दुकानात, आणि दुकान उणंपुरं पाच मजल्यांचं!

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, आज ज्याला सोहो म्हणतात त्या भागात, ही हॉवाउट इमारत १८५७ पासून उभी आहे. दुकानाचा मालक हॉवाउट; त्याच्याकडे चिनी मातीची भांडी, झुंबरं, चांदीच्या वस्तू मिळत. लिंकनच्या काळात व्हाइट हाउसची भांडीसुद्धा इथूनच गेली. वास्तुरचनाकार जॉन गेनर. रस्त्याकडच्या दोन्ही बाजू ओतीव लोखंडाच्या, डॅनियल बॅजरच्या कारखान्यातल्या. साचा एकदा बनला की तीच कमान, तोच खांब, हवे तेवढे ओता. नक्षीची कल्पना व्हेनिसच्या जुन्या ग्रंथालयावरून घेतलेली. म्हणजे लोखंडानं घेतलेलं दगडाचं सोंग! मला ते आवडतं. सोंगच घ्यायचं तर असं दीडशे वर्षं टिकणारं घ्यावं.

लिफ्ट बसवली एलिशा ओटिसनं. वाफेवर चालणारी, मिनिटाला साधारण ४० फूट चढणारी. धडधाकट माणूस जिन्यानं तिच्याआधी वर पोचला असता. पण लोकांना दोराची भीती वाटे. दोर तुटला तर? त्याचं उत्तर ओटिसनं १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्याच प्रदर्शनात दिलं होतं. स्वतः उंच फळीवर उभा राहिला आणि वरचा दोर तोडायला लावला. दोराचा ताण सुटताच फळीवरची स्प्रिंग मोकळी झाली, बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकली आणि फळी जागीच थांबली.

तरी पाच मजल्यांना लिफ्ट कशाला? मला वाटतं, गरजेपेक्षा हौसच जास्त. नवलाई बघायला आलेला माणूस वर जाऊन येणार, आणि उतरताना एखादी बशी तरी घेणार. चहाची किटली पाहिल्यावर तिचे कप नको म्हणणं कोणाला जमतं?

पुढे ब्रूम स्ट्रीटवरूनच मोठा द्रुतगती मार्ग न्यायचा बेत न्यूयॉर्कचे रस्ते-पूल आखणारा अधिकारी रॉबर्ट मोझेस यानं आखला. तो झाला असता तर सगळं भुईसपाट. १९६५ मध्ये इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९६९ मध्ये तो रस्ताच रद्द झाला.

ओटिस १८६१ मध्येच गेला. उंच इमारती त्यानं पाहिल्याच नाहीत. काल लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी हिसकली. आम्ही सगळ्यांनी एकदम वर, छताकडे पाहिलं. दोर अर्थातच दिसत नव्हता.