नवं ऑइल सील टाकूनही ॲम्बॅसेडर का गळते?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "टायमिंग कव्हरचं सील नवीन टाकलं, रेडिएटर उतरवायचं कामही झालं, आणि महिन्याभरात पुन्हा फरशीवर ऑइल. सील डुप्लिकेट निघालं का?" बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात १४८९ सीसीची पेट्रोल ॲम्बॅसेडर जपणारे लोक हेच विचारतात. (इसुझूचं १८०० सीसी इंजिन असलेल्या नंतरच्या गाड्यांचा हिशेब वेगळा आहे, तो इथे घेत नाही.)

टायमिंग कव्हर म्हणजे इंजिनाच्या पुढच्या तोंडावरचं झाकण, आणि सील म्हणजे त्यातल्या फिरत्या भागाभोवती ऑइल अडवणारी कडी. सील खराब निघतं, पण क्वचित. सीलची लिप (आतली रबरी कड) ज्या लोखंडावर घासते ते लोखंड आणि इंजिनाच्या पोटातला दाब, या दोन गोष्टी न बघता रबर बदललं तर नवं सीलही जुन्याच्या वाटेने जातं.

आधी गळती कुठली ते ठरवा. ऑइल खाली उतरतं आणि पंख्याची हवा ते मागे नेते, म्हणून चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) दिसणारा थेंब तिथलाच असेल असं नाही. इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडं करा, दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधा. या इंजिनात मॅनिफोल्डच्या मागे पत्र्याची दोन साइड कव्हरं आहेत, त्यांच्या आत टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) असतात. मागच्या कव्हरातून सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून बेल हाउसिंगपर्यंत (इंजिनामागच्या क्लचच्या घरापर्यंत) जातं आणि सगळे म्हणतात, "मागचं सील गेलं." ही कव्हरं गळतात ती बहुधा बोल्ट जास्त आवळल्यामुळे. एम.जी.बी. या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये याच घराण्याचं इंजिन आहे, आणि तिच्या मॅन्युअलमध्ये साइड कव्हरचा टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) फक्त २ फूट-पाउंड दिलाय, वरच्या रॉकर कव्हरचा ४. म्हणजे बोटांनी घट्ट करून पान्याने जेमतेम थोडं. त्याच्यावर गेलं की पत्रा बोल्टपाशी आत दबतो, मधल्या भागात फुगतो आणि कॉर्कचं पॅकिंग तिथे मोकळं पडतं. वाकलेलं कव्हर सपाट लाकडावर उलटं ठेवून, भोकाभोवतीचा पत्रा हलक्या हातोडीने समतल करा. पॅकिंग कव्हरच्या बाजूला शेलॅकने चिकटवा, ब्लॉकच्या बाजूला कोरडं राहू द्या. पुन्हा उघडताना फाटत नाही.

मग ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारी वाट. पुढच्या साइड कव्हरातून त्याची नळी निघते. ती चिखलाने किंवा जुन्या काजळीने बुजली की पिस्टनच्या रिंगांमधून खाली आलेल्या गॅसला वाट राहत नाही आणि तो ऑइलला सीलमधून बाहेर रेटतो. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढा. धुराचे झोत धाप लागल्यासारखे बाहेर पडत असतील आणि नळी साफ असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. अशा इंजिनाला नवं सील घालण्यात अर्थ नाही.

आता पुढचं सील, म्हणजे टायमिंग कव्हरमधलं. रेडिएटर आणि पंख्याचा पट्टा काढल्यावर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीचा नट दिसतो. त्याखालच्या लॉक वॉशरची पाती सरळ करा. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने नट सोडायचा. पुलीवर हातोडी चालवू नका, दोन बाजूंनी दोन पहारी सारख्या लावून ओढा. बोल्ट इंची आहेत: पाव इंची बोल्टला ७/१६चा पाना, ५/१६च्या बोल्टला १/२चा. १३ नंबरचा पाना १/२च्या डोक्यावर बसतो खरा, पण सैल, आणि कोपरे खातो.

पुली हातात आली की हबवर (पुलीच्या मधल्या, सीलमध्ये जाणाऱ्या भागावर) नख आडवं फिरवा. लिप चालते तिथे नख अडकलं तर गळतीचं कारण तुमच्या हातात आहे. खानापूरकडच्या गाड्यांत याच जागी दुसरी खूणही दिसते: पावसाळाभर उभ्या गाडीत लिपच्या रेषेवर गंज धरतो, आणि पुढे गाडी सुरू झाली की तो गंज रबर कापतो. बारीक गंज असेल तर पुली लेथवर फिरवत ४०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइल लावून सरळ धरा. पेपर डावी-उजवीकडे सरकवू नका. तिरप्या रेघा पडल्या की त्या स्क्रूसारखं ऑइल बाहेर ओढतात. घळ खोल असेल तर दोन उपाय. पातळ स्टीलची तयार स्लीव्ह मिळते, जाडी ०.२८ मिमी, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. ती मापात मिळाली नाही तर हब थोडा उतरवून त्यावर बुश चढवायचा आणि मूळ मापाला आणायचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांना हे काम समजावून सांगावं लागत नाही. मात्र नेताना जुनं सील नमुना म्हणून नेऊ नका. कडक झालेली लिप चुकीचं माप देते. हब आणि कव्हरचं बोअर (सील बसतं ते भोक) व्हर्नियरने मोजा. मूळ मापं इंची आहेत, "जवळपास बसतं" म्हणून मिलिमीटरचं सील घेऊ नका.

जुन्या कव्हरात रबराऐवजी नमद्याचं सील असतं आणि क्रँकवरची ऑइल थ्रोअरची (ऑइल सीलपासून दूर फेकणारी) चकती त्याला जुळणारी असते. जुनी चकती खोलगट बाजू पुढे, म्हणजे इंजिनापासून बाहेरच्या दिशेला ठेवून बसते. रबरी सीलच्या कव्हरची चकती वेगळी, तिच्यावर 'एफ' अक्षर असतं आणि ते पुढे हवं. एकाचं कव्हर आणि दुसऱ्याची चकती अशी खिचडी झाली तर कितीही चांगलं सील टिकत नाही.

सील बसवताना स्प्रिंग दिसते ती बाजू इंजिनाकडे. कव्हरला आतून लाकडाचा आधार द्या आणि बोअरपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान चकतीने सील सरळ दाबा. तिरकं गेलं तर काढून टाका, ठोकून सरळ केलेलं सील आतून वाकलेलं असतं. लिपला ऑइल लावा, कोरडी लिप सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच करपते. आणि बहुतेक ठिकाणी नेमकी राहून जाणारी पायरी अशी: कव्हरचे बोल्ट आधी सैल ठेवायचे, पुली ऑइल लावून फिरवत आत सरकवायची, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं. मग बोल्ट आवळायचे, पाव इंचीचे ६ आणि ५/१६चे १४ फूट-पाउंडांनी. आधी कव्हर आवळून नंतर पुली घातली तर लिप एका बाजूला दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूने गळते.

मागच्या बाजूला मात्र सील नाहीच. क्रँकच्या मागच्या टोकाला उलटे आटे कापलेले असतात, ते फिरताना ऑइल आत परत ढकलतात. त्यामुळे दुकानात "मागचं सील" मागून काही मिळणार नाही. तिथून ऑइल येतं ते पातळी डिपस्टिकच्या खुणेच्या वर गेल्यावर, ब्रीदर बुजल्यावर, मेन बेअरिंग झिजल्यावर, किंवा गाडी चढावर नाक वर करून रात्रभर उभी राहिल्यावर. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात पिन असते. ती भोक मोकळं ठेवायला आहे, थेंब दिसतो म्हणून ते बुजवू नका. ऑइल क्लच प्लेटवर जाईल. उभ्या गाडीचा एखाद-दुसरा थेंब या रचनेत चालतो. डबकं होत असेल तर बेअरिंग बघा.

सगळं जोडल्यावर २०डब्ल्यू-५० ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच भरा. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि साइड कव्हरचे बोल्ट एकदा हाताने तपासा. कॉर्क बसलेला असतो, थोडी ढील मिळते. ती तेवढीच काढायची. मग गाडीखाली पांढरा कागद टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग नेमका कशाखाली पडलाय ते बघा.