राहुई म्हणजे रहाटीच की!

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात वायताकेरेच्या डोंगरात जायचं ठरवलं. शहराच्या पश्चिमेला तासाभराच्या आत हे जंगल लागतं. थालीपिठं केली, डबा भरला, नवे बूट चढवले आणि पायवाटेच्या तोंडाशी जाऊन बघतो तर वाट बंद. पाटीवर शब्द होता: राहुई, म्हणजे इथल्या मूळच्या माओरी लोकांनी घातलेली बंदी. नवरा म्हणाला, एवढ्या लांब आलोय तर कडेकडेनं जाऊन येऊ. माझा मात्र पाय उचलेना. लहानपणी चेंडू रहाटीत, म्हणजे देवाच्या राखीव रानात, गेला की आम्ही तो तिथेच सोडून यायचो, अगदी तसं झालं. मुकाट परत फिरलो आणि पिहाच्या काळ्या वाळूवर बसून थालीपिठं खाल्ली.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती देवरुखची. म्हणाली, "रहाटी? म्हणजे तुमच्याकडे पण आहे?"

शब्दांचं नातं काही नाही, कानाचा योगायोग. पण आईनं पकडलं ते बरोबरच होतं. आमच्या देवरहाटीत फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही. देवळाच्या कामाला झाड हवं असेल तर आधी गुरवाला सांगून कौल लावायचा. राहुईही बंदीच, पण ती लावतात तशी उठवतातही. समुद्रात शिंपले कमी झाले की लावतात, ते वाढले की उठवतात. कुणी बुडून गेलं तर त्या पाण्यावर काही दिवस राहुई असते: पोहणं नाही, मासेमारी नाही. हे मी आईला "पाण्याचं सुतक" म्हणून सांगितलं, लगेच कळलं तिला.

वायताकेरेतली राहुई कौरी झाडांसाठी आहे. ही झाडं हजार-हजार वर्षं जगतात. नॉर्थलँडमधल्या वायपौआच्या जंगलातला ताने माहुता हा कौरी पंचेचाळीस मीटरांहून उंच आहे. त्याच्यापुढे उभं राहिलं की मान दुखते आणि बोलायचं सुचत नाही. एकोणिसाव्या शतकात डोलकाठ्यांसाठी, घरांसाठी ही जंगलं बेसुमार तोडली गेली. जे उरलं त्याला आता मुळं कुजवणारा रोग लागलाय. त्याचे जंतू मातीतून पसरतात, बुटाला चिकटलेली चिमूटभर मातीही पुरते. रोगावर खात्रीचा इलाज नाही. मग इथल्या मूळच्या ते कावेराऊ आ माकी या जमातीनं २ डिसेंबर २०१७ ला राहुई लावली. राहुईला सरकारी कायद्याचं बळ नव्हतं, ती पाळायची म्हणून पाळायची. पालिकेनं जंगलातल्या वाटा बंद केल्या त्या मे २०१८ पासून.

आता फळ्या टाकून, चिखल झाकून काही वाटा खुल्या झाल्यात. तोंडाशी बूट धुवायची सोय असते. आधी ब्रशांवर तळवे घासायचे, खाचांतली माती काढायची, मग जाळीवर पाय दाबला की खालून औषधाचा फवारा उडतो. देवळात जाताना पाय धुतो तसंच, फक्त इथे बाहेर पडतानाही धुवायचे. माझी धाकटी हे काम इतकं मन लावून करते की पुढचं चालणं राहूनच जातं.

शेजारी एक माओरी आजोबा राहतात. आम्ही सगळे त्यांना "कोरो" म्हणतो, म्हणजे आजोबाच. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: देवमासा आणि कौरी भाऊ-भाऊ. देवमासा म्हणाला, माझ्याबरोबर समुद्रात चल. कौरी म्हणाला, मी इथेच बरा. मग दोघांनी एकमेकांची कातडी बदलून घेतली. म्हणून कौरीची साल पातळ आणि अंगात डिंक भरलेला, देवमाशाच्या तेलासारखा. ऐकायला गोड गोष्ट, पण याच नात्याचा धागा धरून उत्तरेकडच्या काही जाणकारांनी आजारी कौरींवर देवमाशाच्या तेला-हाडांचं औषध वापरून पाहिलंय, आणि शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर काम करतायत.

कोरोंनीच एकदा टोपलीभर कूमरा दिले. कूमरा म्हणजे रताळी. आषाढीला मी त्यांचा कीस केला, वाटीभर त्यांनाही दिला. मूळ दोन्हीकडच्या रताळ्यांचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या काळात आली, यांच्याकडे त्याच्या कितीतरी आधी, पॅसिफिक ओलांडणाऱ्या होड्यांतून. कीस खाता खाता त्यांनी सांगितलं की कूमराचे जुने वाण इथून गोळा होऊन जपानला जाऊन बसले होते आणि १९८८ मध्ये माओरी मंडळींना ते तिथून परत आणावे लागले. आपलीच रताळी, आपणच मागून आणायची!

तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, सहा जणांनी वायतांगी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे माओरींची सरकारविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या मंडळापुढे, दावा लावला. दाव्याचा क्रमांक २६२, आणि आजही सगळे त्याला "वाय २६२" असंच म्हणतात. माओरी आणि ब्रिटिश यांच्यातल्या १८४० च्या वायतांगी कराराच्या माओरी मजकुरात सगळ्या "ताओंगां"वरचा, म्हणजे मौल्यवान ठेव्यावरचा, अधिकार माओरींकडेच राहील असं वचन आहे. यांचं म्हणणं, झाडं, बियाणं आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान हाही ताओंगाच. मला लगेच आपली हळद आठवली. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, आणि माशेलकरांच्या पुढाकारानं ते १९९७ मध्ये रद्द झालं. आपलं दोन वर्षांत निपटलं. यांचा अहवाल यायला २०११ उजाडलं, तेव्हा सहापैकी एकच दावेदार हयात होत्या. शिवाय त्यातल्या बहुतेक शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. हे ऐकून मला जेवढा राग आला तेवढा कोरोंना आलेला दिसला नाही. बहुधा सवयीनं.

वाचायचं असेल तर साहित्य भरपूर आहे. "ते आरा" हा विश्वकोश, "ते आका" हा शब्दकोश, आणि माझं सगळ्यात आवडतं "पेपर्स पास्ट", जिथे माओरी भाषेतली १८४२ पासूनची वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. पण सगळंच असं मोकळं नाही. उत्तरेकडच्या काइताया गावातल्या ते हिकू या माओरी रेडिओनं लोकांकडून वाक्यं वाचून घेऊन संगणकाला माओरी ऐकायला शिकवलं आणि ते आवाज बाहेरच्या मोठ्या कंपन्यांच्या हाती द्यायला नकार दिला.

परवा कोरो आमच्या भिंतीवरचं कालनिर्णय बराच वेळ बघत होते. मी तिथी समजावल्या, त्यांनी त्यांच्या मारामाताकातल्या, म्हणजे चंद्रावर चालणाऱ्या पंचांगातल्या, रात्रींची नावं सांगितली. अमावास्येची रात्र फिरो, ती पेरणीला वाईट. जून-जुलैत पहाटे कृत्तिका पुन्हा दिसल्या की यांचं नवं वर्ष. त्याच मातारिकी, ज्यांची २०२२ पासून सरकारी सुट्टी असते. त्यांच्याकडे हातानं लिहिलेला एक जुना तक्ता आहे. इथे टाकायला त्याचा फोटो घेऊ का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "तो मामाकडून आलाय. मामाच्या मुलांना विचारतो."

तीन आठवडे झाले, अजून निरोप नाही. म्हणून या वेळी फोटो फक्त आमच्या बुटांचे.